एस्तेरची साक्ष

एस्तेर साळवे रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने तिला महिनाभर सचिन या औद्योगिक गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. तिथे तिच्या देखत रघुनाथ नावाच्या कामगाराच्या तोंडावर ॲसिड उडालं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले.

दुसऱ्या दिवशी गुजराती मॅनेजरने तिच्यापुढे कागद सरकवला. सुरक्षेचा चष्मा रघुनाथने स्वतःच काढून ठेवला होता, असं त्यात लिहिलं होतं.

"सही कर ने, बेन. सर्टिफिकेट आजच घेऊन जा."

"चष्मा त्यांना कधी दिलाच नव्हता, साहेब. मी ख्रिस्ती आहे. खोटी साक्ष माझ्या हातून होणार नाही."

तिने घडलं ते सगळं लिहून कारखाना निरीक्षकांकडे अर्ज दिला. पण चौकशीत रघुनाथचाच जबाब पुढे आला. 'चूक माझी' असं लिहून खाली त्याचा अंगठा होता. एस्तेर खोटी ठरली आणि सर्टिफिकेट न मिळाल्याने तिचं वर्षही गेलं.

ती दवाखान्यात गेली, तेव्हा त्याची बायको रुक्मिणी दारातच उभी राहिली.

"मालक मला पॅकिंगला लावणार होते, म्हणून यांनी अंगठा दिला. तुझ्या अर्जाने ते चिडले. आता तेही काम गेलं. कशाला मधे पडलीस, पोरी?"

रविवारी उपासनेत पाळकांनी तिला उभं करून तिच्या धैर्यासाठी देवाचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. एस्तेरने डोळे मिटले, पण प्रार्थनेचा एक शब्दही तिला सुचेना.