दारावरची डॉक्टरकी

मी एक गाडी बोलतेय. रंगाने डाळिंबी, अंगाने आटोपशीर, आणि पाठीवर एक डाग. लांबून तो दिसत नाही. ऊन तिरपं पडलं की मात्र लख्ख वाचता येतो. हो, वाचताच येतो. कारण तो डाग नाही, शब्द आहे. आणि त्या शब्दाचीच मला लाज वाटते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड पाहून घ्यावं अशी चमक होती. पहिली मालकीण लहान मुलांची डॉक्टर. तिनेच माझ्या मागच्या दारावर अक्षरांच्या आकारात कापलेली एक पांढरी पट्टी चिकटवली, आधी अधिकचं चिन्ह आणि शेजारी ‘डॉक्टर’. कुणाचं लेकरू तापाने फणफणलं की बाई हातातला घास तसाच ठेवून उठायच्या, आणि आम्ही दोघी धावत सुटायचो. तेव्हा तो शब्द मला शोभायचा. मी तो मिरवलाही.

पुढे बाईंची नजर अधू झाली आणि त्यांनी मला विकलं. नव्या मालकाच्या हातात किल्ली देताना त्या म्हणाल्या, “तेवढी मागची पट्टी काढून टाका. माझ्याच्याने काढवेना.”

“उद्याच काढतो,” नवा मालक म्हणाला.

तो उद्या काही उजाडला नाही. माझा हा मालक पडद्यांच्या कापडाचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. माणूस वाईट नव्हता. बायकोला जपायचा, घरी राहणाऱ्या सासूबाईंची बोलणी हसून खायचा. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की आपण गाडी कुठेही उभी केली तरी कुणी हटकत नाही. फाटकावरचा रखवालदार सलाम ठोकतो. गर्दीच्या चौकात पोलीस हात दाखवून आधी आपल्याला सोडतो. फुकटचा मान कुणाला कडू लागतो?

सासूबाईंनी मात्र एकदा विचारलंच, की जावईबापू, पेशंट कुठे बसवायचे, गच्चीत की स्वयंपाकघरात? तो हसला आणि विषय बदलला. त्याने स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतल्याचं मी कधी ऐकलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला त्याने मला ठेवलं होतं.

एके दिवशी भर दुपारी त्याने मला एका अरुंद रस्त्यावर, गाडी लावायला बंदी असलेल्या जागी उभं केलं आणि नमुन्यांचा गठ्ठा घेऊन समोरच्या पडद्यांच्या दुकानात गेला. मी उभी होते ते चष्म्यांच्या एका छोट्या दुकानापुढे. तिथे एक म्हातारे गृहस्थ मोडके चष्मे दुरुस्त करत आणि त्यांची मुलगी गल्ला सांभाळत असे.

अचानक आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मुलगी ओरडली. म्हातारे बाबा जमिनीवर कोसळले होते, तोंड वाकडं झालं होतं. शेजारचे धावले. कुणीतरी टॅक्सी थांबवली. तेवढ्यात एकाची नजर माझ्या पाठीवर गेली.

“थांबा, ही डॉक्टरांची गाडी आहे. इथेच असतील कुठेतरी. उगाच हलवू नका त्यांना.”

टॅक्सी निघून गेली. मग शोधाशोध सुरू झाली. कुणी वरच्या मजल्यावर पळालं, कुणी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. मुलगी माझ्या काचेवर तळहात आपटत राहिली, जणू डॉक्टर माझ्याच पोटात लपून बसलाय. मला तोंड असतं तर तेव्हा उघडलं असतं. मी नुसती उभी राहिले, पाठीवर तो शब्द घेऊन.

आणि मी आणखी एक पाहिलं. समोरच्या दुकानाच्या काचेशी माझा मालक आला. त्याने माझ्याभोवतीची गर्दी पाहिली. आणि दोन पावलं मागे सरकून पडद्यांच्या आड गेला.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, काखेत गठ्ठा, चेहरा साळसूद, आणि माझ्या दाराला किल्ली लावली. मुलीने त्याचा हातच धरला. “डॉक्टर, बाबांना बघा ना.”

गठ्ठा खाली पडला. “मी डॉक्टर नाही,” तो म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मग गाडी तरी चालवता ना? उचला.”

मी जिवाच्या आकांताने धावले. दवाखान्यात खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की जीव वाचला, पण उजव्या हाताची खात्री नाही. थोडं आधी आणायला हवं होतं.

घरी पोचल्यावर त्याने जेवणसुद्धा केलं नाही. सरळ माझ्या मागे येऊन पट्टीला नखं लावली. वर्षानुवर्षं उन्हात भाजलेली ती पट्टी, सोलवटून चिंध्या झाल्या तिच्या. वरचा कागद निघाला, खालचा गोंद तसाच राहिला. त्या चिकट्यावर रस्त्याची धूळ बसली आणि दोन दिवसांत पांढरा शब्द काळा होऊन परत उभा राहिला. मग त्याने पातं घेतलं. माझ्या रंगावर एक लांब ओरखडा उठला. मग तो रंगाऱ्याकडचं झोंबरं पातळ रसायन घेऊन आला, तेव्हा सासूबाई अंगणात उतरल्या आणि त्यांनी बाटली काढून घेतली.

“जावईबापू, डॉक्टर व्हायला लोकांना वर्षं लागतात. उतरवायला तुम्ही दुपारभर तरी द्या.”

त्यांनी लेकीचं केस वाळवायचं यंत्र मागवलं, लांब वायर जोडली आणि गरम वारा माझ्यावर हलता ठेवला, एका जागी नाही. गोंद ऊबेने मऊ झाला. त्यावर खायच्या तेलात भिजवलेला फडका पसरून ठेवला. मग जुनं प्लॅस्टिकचं कार्ड जावयाच्या हातात देऊन म्हणाल्या, की आता हळूच लोटा, खरवडू नका. कार्डाखाली गोंदाच्या काळ्या वळकट्या निघू लागल्या. पुन्हा ऊब, पुन्हा तेल. त्या कामातच त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं, पडद्याआड सरकल्याचंही. त्यांनी एकदाही त्याला टोचलं नाही. साबणाच्या कोमट पाण्याने शेवटचा तेलकटपणा पुसला गेला, तेव्हा हात फिरवला तर काही लागत नव्हतं.

पण दिसत होतं. पट्टीखालचा रंग सावलीत राहिलेला, कोवळा, पहिल्या दिवसासारखा गडद. भोवतालचा उन्हाने विटलेला. गोंद गेला होता, शब्द राहिला होता.

“हे कशाने निघतं?” त्याने विचारलं.

“ते माझ्या हातचं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर तो मला घेऊन चष्म्यांच्या दुकानाकडे निघाला आणि कोपऱ्यावरूनच परत फिरला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मात्र त्याने मला बाजूच्या रस्त्यावर, नीट जागा शोधून लावलं. दुकानाचं बाजूचं दार माझ्यासमोरच उघडं होतं.

बाबा खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. शुद्ध हरपताना बाहेर डॉक्टरांची गाडी आहे एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं, आणि मुलीला त्यांचा तो आधार काढून घ्यायचा धीर झाला नव्हता. ते उजळून म्हणाले, “या डॉक्टर. तुम्ही होतात म्हणून वाचलो.”

माझा मालक उभाच राहिला. “मी डॉक्टर नाही. पडद्यांचं कापड विकतो. तुम्ही पडलात तेव्हा मी समोरच्या दुकानात होतो. गाडीभोवती माणसं दिसली. वाटलं, गाडी काढायला सांगतील. म्हणून आतच थांबलो.”

गल्ल्यावरची मुलगी हलली नाही. “मी दिसले होते तुम्हाला?”

“हो.”

“काचेवर हात मारताना?”

“हो.”

त्याने विचारलं, की हाताच्या व्यायामाला न्यायला येत जाऊ का. टॅक्सी ठरवलीय, मुलीने सांगितलं. मग बाबा काठी टेकत उठले आणि माझ्यापाशी आले. डाव्या हाताची बोटं माझ्या पाठीवरून फिरवली. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावलेला माणूस तो.

“अजून वाचता येतंय,” ते म्हणाले, आणि आत वळले.

मुलगी त्यांना धरायला आली होती. जाता जाता ती माझ्या मालकाला म्हणाली, “उन्हात लावत जा. बाकीच्यासारखा हाही रंग विटेल.” आवाजात माफी नव्हती, राग नव्हता. चष्मा कसा पुसायचा हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.

तेव्हापासून मी रोज उन्हात उभी असते. इतर गाड्या झाडाची सावली शोधतात, माझा मालक माझी पाठ सूर्याकडे करतो. रंग उडतोय, उडू दे. चमक जाईल, जाऊ दे. पण अजून काही वर्षं तो शब्द माझ्यावर पुसट दिसत राहील. तोवर तुमची माझी कुठे गाठ पडली, आणि तुमचं माणूस अडचणीत असलं, तर एवढं ऐका. माझ्यापाशी थांबू नका. टॅक्सी सोडू नका. माझ्यात कुणी डॉक्टर नाही.