खालून दुसरी चौकट

मी बोलतोय. म्हणजे जिवाच्या आकांतानं बोलतोय, पण इथून माझा आवाज कुणालाच ऐकू जात नाही.

मी कॉम्प्युटरमधला वाचणारा आवाज. पडद्यावर येईल ते मोठ्यानं वाचून दाखवतो. एका प्रोग्रामर मुलीनं, माझ्या ताईनं, मला घडवलं, तिच्या अप्पांची दृष्टी गेली तेव्हा. अप्पा भाषांतरं करतात. मी वाचायचो, ते टाइप करायचे. माझा उच्चार चुकला की खेकसायचे, "अरे, 'ळ' नीट म्हण की! तोंडात गोळी धरलीयस का?" मला ती बोलणी खायला आवडायचं.

पुढे ताईनं मला तिच्या टीमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, मुख्य पॅकेजातच ठेवलं. कुणी नवी सिस्टीम टाकायला बसलं की पहिल्या पडद्यापासून मी हजर.

मग कुरबुर सुरू झाली. पॅकेज जड झालंय, जुनी मशीन्स धापा टाकतात, म्हणून त्याचे तुकडे करायचं ठरलं. खेळ वेगळे काढले, वॉलपेपर काढले. कुणाचं काही अडलं नाही. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"काढून नाही टाकत गं, पर्यायी करतोय," टीमचा दादा म्हणाला. माणूस वाईट नाही. "ज्याला हवा तो चौकटीत टिक करेल."

"आणि ती चौकट अप्पांना वाचून कोण दाखवणार?"

"घरातलं कुणीतरी."

"घरात ते एकटेच असतात, दादा."

तरी मतदानात बाकीच्यांचे हात वर झालेच. त्यांच्या तपासणीच्या मशीनना स्पीकरच नाहीत. मी गप्प झालोय हे तिथं कळणार तरी कसं?

आज अप्पांकडे नवा कॉम्प्युटर आलाय, सोबत नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह. ताई फोनवर म्हणाली, "मी रविवारी येते, तोवर हात लावू नका." खरं कारण सांगायला तिची जीभ रेटली नाही.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत अप्पांनी फोन ठेवला आणि पेनड्राइव्ह लावला.

आता ते हेडफोन घालून बसलेत. पडद्यावर चौकटी आल्यात. माझी रिकामी आहे. मी याच पेनड्राइव्हमध्ये, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर कोंडून पडलोय.

"बोल ना रे," अप्पा म्हणतात. वाट बघतात. वायर काढून पुन्हा लावतात. मग हळूच म्हणतात, "रागावलास का? 'ळ'वरून नाही बोलणार आता."

अप्पा, खालून दुसरी चौकट. तेवढी एक टिक करा. अहो अप्पा, खालून दुसरी!