घशातला सप्ताह

“प्या बुवा, सावकाश,” असं म्हणत डॉक्टरांनी निळ्या पाण्याचा पेला पुढे केला.

केशवरावांनी आधी डोळे मिटून हात जोडले. पाणी तपासणीचं असो की तीर्थाचं, देवाचं नाव घेतल्याशिवाय घशाखाली उतरवायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मग घोट घेतला आणि लगेच खोकल्याची उबळ आली. गळ्याला पाडलेल्या श्वासाच्या भोकातून निळे थेंब निघाले आणि पांढऱ्या सदऱ्यावर ओघळले.

हर्षाने रुमाल पुढे केला. डॉक्टर तिच्याकडे पाहून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला मी वेगळं काय सांगू?”

खरंच, तिला काय सांगायचं होतं! अमरावतीच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होती आणि तिची पीएचडी यीस्टवर, आता वडिलांच्या घशात बसलेल्या याच सूक्ष्म बुरशीवर होती. वडील कीर्तनात कौतुकाने सांगत, “माह्या लेकीनं बुरशीवर डाक्टरकी केली. आपल्या घरी लोनच्यावर बुरशी आली का फेकून देते, हे पोट्टी तिचे लाड करते!” मांडव हसायचा. तेव्हा त्यांचा गळा शाबूत होता. भाजीच्या मळ्यातून हाक मारली तर ती पाराशी ऐकू जाई.

मग घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरपेटी काढावी लागली. अकोल्याच्या या डॉक्टरांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात सिलिकॉनची बटणाएवढी झडप बसवून दिली. गळ्यावरचं भोक अंगठ्याने दाबलं की श्वास झडपेतून वर चढे आणि तोंडातून शब्द निघत. वाळक्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा आवाज. पण त्याच आवाजावर केशवराव पुन्हा कीर्तनाला उभे राहिले. एक हात गळ्याशी, दुसऱ्या हातात चिपळ्या. दर्यापूरकडच्या खेड्यांतली माणसं कानात प्राण आणून ऐकत.

त्या झडपेवर यीस्ट बसू लागलं. पहिली झडप वर्षभर चालली, पुढची त्याहून कमी. ही तर महिना भरायच्या आत गळायला लागली.

“छिद्रच मोठं होत चाललंय,” डॉक्टर म्हणाले. “पाणी फुप्फुसात उतरतंय. आज नवी झडप बसवतो, पण हिच्यानंतर नाही. या बुरशीला पुरून उरेल असं औषध सापडलं तर बघू. नाहीतर छिद्र शिवून बंद करावं लागेल.”

केशवरावांनी अंगठा दाबला. “मंग बोलाचं कसं?”

गळ्याला लावून बोलायचं यंत्र आधीच आजमावून झालं होतं. कॅन्सरवर दिलेल्या किरणांच्या शेकाने कडक झालेल्या गळ्यावर त्यातून नुसती घरघर निघायची. केशवराव तेव्हा म्हणाले होते, “याच्यातून नाव घेतलं तं देव म्हनन, हे कोनतं स्टेशन लागलं?”

परतीच्या एसटीत हर्षाच्या पर्समध्ये काढलेली झडप होती, बाटलीत बंद केलेली. केशवरावांनी ती मागून घेतली आणि उजेडात धरली. सिलिकॉनवर पांढरट थर होता.

“इतकुसं हाय. मरत काहून नाई?”

“सुटं असलं तं मरते, बाबा. पन हे सायीसारखा थर धरते. एकमेकाईले चिकटून बसते. वरचे मेले तरी आतले जगते.”

“म्हंजे माह्या घशात त्याईनं सप्ताहच मांडला म्हन!”

“बाबा!”

“मंग रडू का? मेळा मोडनं सोपं नसते, बाई.” थोडा वेळ बाहेरच्या कपाशीकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, “काल्यापर्यंत निभन का?”

गावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन केशवरावांचं. गुरूंनी हाती नारळ देऊन ते सोपवलं तेव्हापासून ते दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. हर्षा म्हणाली, “पाहू.” एवढंच.

प्रयोगशाळेत तिने झडपेवरचं यीस्ट वाढवलं. सुट्या पेशींवर औषध टाकलं तर तबकडीत औषधाभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ उमटलं. तिने तबकडी कपाळाला लावली. शेजारच्या टेबलावरची विद्यार्थिनी पायल म्हणाली, “मॅडम, पूजा करून राहिल्या का?” हर्षाही हसली. मग तिने सिलिकॉनच्या तुकड्यांवर थर धरू दिला आणि असतील नसतील ती सगळी औषधं त्यावर घातली. शेवटी निळा रंग. यीस्ट मेलं तर रंग निळा राहतो, जिवंत असलं तर गुलाबी होतो.

सकाळी पाहिलं तर सगळं गुलाबी. काल्याच्या दिवशी गुलाल उधळावा तसं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गुलाबीच. “या थरापुढे उपलब्ध औषधे निष्प्रभ ठरतात,” असं वाक्य तिच्या प्रबंधात होतं. किती दिमाखाने लिहिलं होतं तिने ते!

निकाल सांगायला ती गावी गेली. केशवराव ओसरीत बसून काल्याची तयारी करत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाल मात्र फुगलेला.

“तोंडात काय हाय, बाबा?”

“खडीसाखर.”

हर्षा खालीच बसली. “गोड बंद सांगतलं होतं ना म्या?”

आई, सत्यभामाबाई, आतून तावातावाने आल्या. “बंदच हाय! चहा फिका पेते. शेजारच्या पोरीच्या लग्नातला शिरा नाई शिवला याईनं. खडीसाखर काय गोडात धरते का? ते तं गळ्यासाठी हाय! अन् लोकं पायावर ठेवते तो प्रसाद नाई म्हनाचा का?”

दिवसरात्र गालात विरघळणारी साखर. यीस्टला याहून चांगलं खाद्य शोधूनही सापडलं नसतं. हर्षाने ‘गोड’ म्हटलं होतं. या घरात गोड म्हणजे शिरा, जिलबी, बासुंदी. गळ्याला जपायचं म्हणून त्या माणसाने इमानेइतबारे गळा संपवला होता.

केशवरावांनी खडा तळहातावर काढून घेतला. अंगठा गळ्याशी गेला.

“यानं झालं का?”

सत्यभामाबाईंचे डोळे तिच्यावर खिळले होते. खडीसाखरेचा डबा रोज त्याच भरायच्या.

“नाई, बाबा,” हर्षा म्हणाली. “नसती खाल्ली तरी झालंच असतं. आज नाई तं उद्या.”

निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं तिने आपल्याजवळ ठेवलं.

“औषध?”

तिने नकारार्थी मान हलवली.

पुन्हा तो पाचोळ्यासारखा आवाज आला. “माह्या चेल्याले, भगवंतरावाले सांगून पाठव. काल्याचं त्यानं करावं. त्या पोराचा गळा चांगला हाय.”

तरीही हर्षाच्या मनात होतं, निदान एवढा काला पार पडावा. नवी झडप तेवढं टिकेल. टिकली नाही. वीणा उभी राहून सप्ताह सुरू होण्याच्या आधीच ताप भरला, छातीत कफ दाटला, आणि अकोल्याला नेऊन छिद्र शिवावं लागलं. ऑपरेशनसाठी आत जाताना केशवरावांनी अंगठा दाबून बायकोला हाक मारली, “सत्ते.” लोकांदेखत त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. बाई पदर तोंडाशी धरून “जी, जी” म्हणत राहिल्या.

काल्याच्या दिवशी मांडव भरला होता. केशवराव टाळकऱ्यांच्या रांगेत, गळ्याला उपरणं गुंडाळून उभे. भगवंतराव त्यांच्या पाया पडून गादीवर उभा राहिला, पण तोंड उघडेना. माइक त्याच्या कपाळाशी होता. स्पीकरवाल्याने सवयीने तो केशवरावांच्या उंचीला लावून ठेवला होता.

कुणी काही म्हणायच्या आत केशवराव रांगेतून पुढे आले. त्यांनी दांड्याचा स्क्रू ढिला केला, माइक खाली भगवंतरावाच्या ओठांशी आणला, आणि घट्ट आवळला. मग त्यावर बोटाने टिचकी मारली.

टक्.

आवाज मांडवभर गेला, पारापर्यंत गेला. बायकांत बसलेल्या हर्षाने तो ऐकला. केशवरावांनी समाधानाने मान डोलावली आणि ते आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.