हाताच्या उंचीवर

“ही टोपी कुणाच्या उंचीला टांगलीयस, आई? बुटकी माणसं येतात का आपल्याकडे?”

लेक हातात पक्कड घेऊन बाहेरच्या दाराशी उभी होती आणि तिच्या बापाची बोटीवरची लोकरी टोपी तिच्या कमरेपाशी खिळ्याला लटकत होती. मागे रंगारी बादलीत रंग ढवळत बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं.

“टोपीच काय ताई, सगळंच तसं आहे,” तो म्हणाला. “मी मागे एक बालवाडी रंगवली होती. तिथे या उंचीला खिळे होते.”

“वर हात पुरत नाही आता,” बाई म्हणाल्या. “स्टुलावर चढून पडले, तर हीच घर डोक्यावर घेईल.”

उत्तर तयारच होतं. गेली दोन वर्षं बाईंनी अशी बरीच उत्तरं घड्या घालून ठेवली होती. लागेल तसं एकेक काढायचं.

बाहेरच्या दारापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत अठरा पावलांचा बोळ होता, आणि त्या बोळाच्या उजव्या भिंतीवर बाईंचा सगळा संसार टांगलेला होता. आधी टोपी. मग बोटीच्या गोल खिडकीचं पितळी कडं. मग गाठी मारलेल्या जाड दोराचा तुकडा, शिंपल्यांची माळ, गजराचं एक जुनं घड्याळ, फोटो अडकवलेली स्टीलची चौकट, आणि शेवटी, स्वयंपाकघराची पायरी उतरायच्या जागी, निळी ताटली. बाईंचे यजमान बोटीवर फिटर होते. वर्षातले दहा महिने पाण्यावर, आणि दोन महिने घरी येताना पिशवीत असलं काहीबाही. घड्याळ आणि चौकट मात्र बाईंच्या स्वतःच्या नोकरीतली.

ती नोकरी मोठ्या दवाखान्याच्या एक्स-रे खात्यात, डार्करूममध्ये होती. तेहतीस वर्षं. सगळा दवाखाना त्यांना डार्करूमबाई म्हणायचा. खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक. “एक पाण्यात, दुसरी अंधारात,” सासूबाई म्हणायच्या, “पोर झाली हेच नवल.” आत मिट्ट काळोख असायचा, फार तर अंगठ्याएवढा एक लाल दिवा. फिल्म काढायची, चौकटीत ताणायची, पहिल्या टाकीत बुडवायची, घड्याळाचा काटा लावायचा, घंटी वाजली की पाण्यात, मग दुसऱ्या टाकीत. सगळं हाताने. म्हणून तिथे प्रत्येक वस्तूची जागा म्हणजे जागा. उचललं तिथेच ठेवायचं, आणि हलवलं तर मोठ्याने बोलायचं. “चौकट डावीकडे ठेवली.” “बादली खाली आहे.” न बोलता वस्तू हलवणारा माणूस बाईंच्या हाताखाली आठवडाभर टिकत नसे.

पुढे नवी यंत्रं आली, फिल्म गेली. डार्करूममध्ये सलाईनची खोकी रचली. बाईंना विचारलं, आठवण म्हणून काय हवं? त्यांनी घड्याळ आणि एक चौकट मागून घेतली.

आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने दिवा बंद करून सांगितलं होतं, “आजी, बाजूची नजर गेलीय. मधलं किल्लीच्या भोकाएवढं उरलंय, ते आपण औषधाने जपू. पण एकटं राहू नका. घरच्यांना सांगा.”

घरचं म्हणजे लेक. सांगितलं की ती येणार, बॅग भरणार, घराला कुलूप लावणार आणि आईला घेऊन जाणार, हे बाईंना उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली. मग आठवड्याला एक असा खिळा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला आणि खाली ठोकला. सगळ्या आठवणी डोळ्यांच्या उंचीवरून हाताच्या उंचीवर आल्या. टोपी खरबरीत, कडं गार, दोराच्या सात गाठी. माळ खुळखुळली की मोरी. ताटलीची कड लागली की पायरी. कोणाला काही कळलं नाही. किल्लीच्या भोकातून बाई पेपरातले मथळे वाचत, सुईतसुद्धा एखाद दिवशी दोरा ओवत. शेजारीपाजारी म्हणत, या वयातही बाई कशा नाकासमोर चालतात. बाकी कुठे बघून चालणार?

“मावशी,” रंगारी म्हणाला. तो भिंतीशी वाकला होता. “हा एवढा पट्टा तेलकट झालाय. दारापासून थेट आतपर्यंत. यावर रंग धरायचा नाही. घासावा लागेल.”

“हात टेकत चालतेस की काय?” लेकीने विचारलं.

“गुडघा,” बाई म्हणाल्या.

रंगाऱ्याने एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. बाईंना ते दिसलं नाही, पण घासायचा कागद मध्येच थांबला तो त्यांनी ऐकला. मग तो पुन्हा खरखरू लागला.

लेक आठ दिवसांची रजा काढून आली होती, ती घर सजवून द्यायला. कापडाच्या मोठ्या दुकानात काचेमागची सजावट करणं हाच तिचा धंदा होता. रस्त्याने जाणारं माणूस थबकलं पाहिजे. वर्षभर ती आईच्या मागे लागली होती, माझ्याकडे चल. बाई हलेनात. शेवटी ती म्हणाली, “इथेच राहायचंय ना? मग गोदामात राहिल्यासारखी राहू नकोस.” याला नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं. बाई मूग गिळून बसल्या.

चौथ्या दिवशी लेकीने त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं.

“आता बघ.”

बाईंनी पाहिलं. किल्लीच्या भोकातून एकेक वस्तू आली. टोपी, वर. तिच्याखाली कडं, त्याच्या पोटात बसवलेला यजमानांचा फोटो. दोर, माळ, घड्याळ. सगळी भिंत एकदम त्यांना दिसणार नव्हती, पण जे दिसलं त्यात काही वेडंवाकडं नव्हतं.

“बाबांची पत्रं काढली मी ट्रंकेतून,” लेक म्हणाली. “कुठल्या फेरीत काय आणलं ते लिहायचे ना. त्या क्रमाने लावलंय. ही पहिली फेरी, मी व्हायच्या आधीची. आणि इथे, या टोकाला, शेवटची.”

नवऱ्याचा अख्खा प्रवास पोरीने एका भिंतीवर मांडला होता, आणि त्यांचा अठरा पावलांचा प्रवास त्यासाठी पुसला गेला होता. दोन्ही खरं होतं.

“छान झालंय गं, चिंगे,” त्या म्हणाल्या. चव्वेचाळीस वर्षांची चिंगी लाजली.

बोळ मोकळा झाला होता. रंग कोरडा, खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवलेली. बाईंनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा भिंत कोऱ्या फिल्मसारखी लागली. गुळगुळीत, आणि तिच्यावर काहीच नाही. पावलं मोजायची, त्यांनी ठरवलं. अठराच तर आहेत. लेक तीन दिवसांनी जाईल. ती गेली की पुन्हा एकेक खिळा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लेक पुढच्या खोलीत दुकानाशी फोनवर बोलत होती. बाई चहा टाकायला उठल्या. सहा, सात, आठ. मधल्या जागेत लेकीने दुपारी एक टीपॉय आणून ठेवला होता. बोळ फारच ओकाबोका दिसतोय म्हणून. त्यावर निळी ताटली उभी केली होती. नवव्या पावलाला बाईंचा गुडघा टीपॉयच्या कडेवर आदळला. त्या भिंतीला धरून घसरत खाली बसल्या. ताटली फुटली.

लेक फोन टाकून धावली.

“लागलं का? आई, एवढं समोर तर होतं गं.”

“हलवलंस तर बोलायचं ना,” बाई कडाडल्या. “बोलायला काय होतं?”

तेहतीस वर्षांचा तो आवाज होता. बाईंना स्वतःलाच तो बाहेर पडल्यावर ऐकू आला.

लेक तशीच उभी राहिली. शाळा सुटल्यावर ती डार्करूममध्ये आईजवळ जाऊन बसत असे. बाहेरून टकटक करायची आणि विचारायचं, “दार?” फिल्मचा डबा उघडा असेल तर आतून यायचं, “थांब.” डबा बंद झाला की, “उघड.” एकदा एका नव्या डॉक्टरने न विचारता दार ढकललं आणि डबाभर कोऱ्या फिल्म्स काळ्या पडल्या, तेव्हा आईने त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर अंधारात डबा खात बसलेल्या पोरीने ‘हलवलं तर बोलायचं’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं. उजेडात मात्र कधीच नाही.

ती आईशेजारी खाली बसली. आईच्या कानापाशी हात नेऊन तिने तीन बोटं हलवली.

“किती?”

“काय किती?”

लेकीने हात मागे घेतला. काचा गोळा केल्या, चहा केला, गुडघ्याला पट्टी बांधली.

“कागद कुठाय?”

“कसला?”

“डॉक्टरचा. तू कागद टाकणाऱ्यातली नाहीस.”

“पिठाच्या डब्याखाली,” बाई म्हणाल्या.

लेकीने तो दोनदा वाचला. “दोन वर्षं. आई, दोन वर्षं मी दर रविवारी विचारतेय, बरी आहेस ना.”

“बरी होतेच की.”

“माझ्याबरोबर चल.”

“तुझ्याकडे मी आंधळी होईन, चिंगे. इथे मी नुसती म्हातारी आहे.”

“आणि पडलीस म्हणजे?”

“दोन वर्षांत एकदा पडले. ती तुझ्या टीपॉयवर.”

लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती पदराशिवाय रडायची सवय नसलेल्या बाईसारखी मनगटाने डोळे पुसत राहिली. बाईंना ते दिसत नव्हतं. त्या ऐकत होत्या.

सकाळी रंगारी आपल्या बादल्या न्यायला आला, तर लेक स्टुलावर चढून पुढच्या भिंतीवरचे खिळे उपटत होती. टोपी, कडं, दोर, सगळं खाटेवर उतरलेलं.

“काय झालं ताई? पसंत नाही पडलं मावशींना?”

“पसंत आहे,” लेक म्हणाली. “उंची चुकली.”

रंगाऱ्याने पिशवीतून हातोडी काढली आणि बोळात जाऊन उभा राहिला. “पट्टा घासला तेव्हाच मला वाटलं होतं,” तो भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला. “पण घरातलं बोलणं आपण कशाला बोलायचं.”

लेकीने डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला. बाहेरच्या दाराशी पाठ लावून उभी राहिली आणि हात सैल सोडला. बाई बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या, हात पुसायचा पंचा मांडीवर, थेट जुन्या खात्यात बसल्यासारख्या.

“हात लांब करू नकोस. पडेल तिथे पडू दे. हं. तिथे टोपी.”

रंगाऱ्याने खिळा ठोकला. कोऱ्या रंगाचा टवका उडाला.

“दोन पावलं. कडं. एक वीत अलीकडे गं, तू लांब टांगांची, मी नाही. आता दोर.”

“गाठी मोजायच्या?”

“सातवी गाठ संपली की मोरीचं दार. चुकलीस तर थेट नळावर आदळशील.”

“तूच आदळली असशील.”

“दोनदा,” बाईंनी कबूल केलं.

माळ लागली, घड्याळ लागलं, चौकट लागली. सतराव्या पावलाला लेकीचा हात भिंतीवर नुसताच फिरला.

“इथे ताटली होती,” बाई म्हणाल्या. “पुढे पायरी आहे. सांभाळ.”

लेकीने टॉवेल वर सरकवला. ती खोलीत गेली आणि खिडकीच्या काचेवरून एक फिल्म काढून घेऊन आली. नऊ वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली होती. मनगट मोडलं होतं. तो एक्स-रे बाईंनी स्वतः धुतला होता, आणि अंधारात बोटाला कळावा म्हणून त्याचा कोपरा तिरका कापला होता. तेव्हापासून तो खिडकीत होता. सकाळच्या उन्हात त्यातली छोटी पांढरी बोटं उजळायची.

तिने तो पायरीशी टांगला. “आई, ये बघू.”

बाई उठल्या. टोपी, कडं, सात गाठी, माळ, घड्याळ, चौकट. सतराव्या पावलाला बोटांना तिरका कोपरा लागला. त्या थांबल्या. बोटं कोपऱ्यावरून फिल्मवर गेली आणि तिथे जरा वेळ राहिली. मग त्या पायरी उतरल्या.

लेक दुसऱ्या दिवशी निघाली. कागद तिने पर्समध्ये ठेवला होता. “पुढच्या महिन्यात येतेय. डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ. तेव्हा बोलू काय ते.”

“बोलू,” बाई म्हणाल्या.

“आणि औषधाचे थेंब. विसरायचे नाहीत.”

“घड्याळ लावीन.”

बॅग बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवल्याचा आवाज आला. “बॅग उजवीकडे आहे,” लेक म्हणाली. “चपला मी आत घेतल्यात.” रस्त्यावर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. बाई बोळात उभ्या होत्या, एक हात टोपीवर.

कडीवर हात ठेवून लेक थांबली.

“दार?” तिने विचारलं.

बाईंच्या जिभेवर ‘थांब’ आलं होतं. त्यांनी ते येऊ दिलं, आणि जाऊ दिलं.

“उघड,” त्या म्हणाल्या.