पूल आल्यावर सांगायचं

बसमध्ये मला झोप लागली आणि पूल निघून गेला.

जाग आली तेव्हा बस लुकांगमध्ये शिरत होती. अंगणांतून उदबत्त्या वाळत घातल्या होत्या, लाल-पिवळ्या जुड्या, फुलांसारख्या पसरलेल्या. मी शर्टाच्या खिशाला हात लावला. लाल कापडाची पुरचुंडी जागेवर होती. त्यात माझ्या बायकोच्या, बी-युनच्या उदबत्तीदाणीतली चिमूटभर राख. पण पुरचुंडी नुसती जवळ असून भागत नाही. गेलेल्या माणसाला वाट सांगावी लागते. पूल आला की घरच्याने म्हणायचं, पूल आलाय, ओलांड. कोणी म्हटलं नाही, तर ते माणूस नदीच्या अलीकडेच उभं राहतं.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. मी निवृत्त झालो की पाठीवर सॅक टाकून बसने सगळं बेट फिरायचं, हा बेत तिचाच होता. नारिंगी सॅक तिने स्वतःसाठी आणून ठेवली होती. तीच आता माझ्या पाठीवर होती. बरोबर कारखान्यातले दोन जुने सोबती, चिनशुई आणि वेनतांग. चिनशुई दिसेल त्या देवळात हात जोडतो. वेनतांग देवळाबाहेर सामान सांभाळतो. मी पुलावर पुटपुटलो की तो दरवेळी म्हणायचा, "वहिनींचं तिकीट काढलंस ना?"

आम्ही मुक्कामाला उतरलो ती जागा म्हणजे एक लांबलचक जुनं घर होतं. आत खाटांवर खाटा, मधल्या चौकात विहीर. सॅकवाली तरुण मंडळी भिंतीला टेकून डुलक्या काढत होती. दुपारचं ऊन चौकात येऊन तसंच थांबलं होतं. एके काळी जहाजं या गावाच्या दाराशी लागायची. मग बंदरात गाळ साचला आणि समुद्र दूर गेला. तरी भिंतींना मिठाचा वास होता.

मी खाटेवर बसलो आणि दोघांना सांगितलं की ती नदीपलीकडेच राहिली. मला परत जायचंय. तिला घेऊन सरळ घरी. पुढचं बेट तुम्ही बघा.

चिनशुई म्हणाला, आधी तिला जेवायला वाढ. आली असेल तर जेवेल. मलाही ते पटलं, कारण तू आलीस का, हे सरळ विचारायची माझी हिंमत नव्हती.

तो कोपऱ्यावरून कालवांचं धिरडं आणि शेवयांची पेज घेऊन आला. ती कालवांसाठी वाटेल तेवढं चालायची. घरमालकीण बाईंनी न विचारता स्टूल दिलं, उदबत्ती दिली. मी पुरचुंडी स्टुलावर ठेवली. धूर सरळ वर गेला, मग विहिरीकडे वळला. उदबत्ती अर्धी झाल्यावर मी दोन नाणी हातात घेतली आणि विचारलं, जेवून झालं का?

एक छापा, एक काटा पडला की हो. दोन्ही सारखी पडली की नाही. दोन्ही छापे पडले.

घरी असं झालं की सगळे अंदाज करतात, काय राहिलं असेल. चिनशुईने तिखट आणलं. नाही. बाई म्हणाल्या, चॉपस्टिक तुमच्याकडे तोंड करून ठेवल्यात, वळवा. वळवल्या. नाही. चहा ठेवला. त्यालाही नाही. एक तरुण मुलगी झोपेतून उठून आली आणि तिने हळूच एक पेपर नॅपकिन ठेवला. सगळे हसले, मीही हसलो. नाणी पुन्हा सारखीच पडली. धिरड्यावर साय आल्यासारखी दिसायला लागली. धुराआड समोरची भिंत हलल्यासारखी वाटत होती, आणि मला दिसत होती ती दादू नदी, तिचं रुंद वाळूचं पात्र, आणि तिथे उभी असलेली बी-युन. तिला वाट विचारायला आवडायचं नाही. ती तशीच उभी राहिली असती.

मी नारिंगी सॅक उचलली.

वेनतांग इतका वेळ विहिरीच्या कठड्यावर बसून होता. तो खाली बघत म्हणाला, "बस तिथे. पुलावर मी सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"तू घोरत होतास. मी म्हटलं, वहिनी, पूल आलाय, चला. दोनदा म्हटलं. बसवाला माझ्याकडे आरशातून बघत होता."

"मग आधी का नाही बोललास?"

"मी कोण तिचा? माझं ऐकेल का नाही, काय माहीत. आणि हा चिनशुई जन्मभर चिडवणार."

चिनशुईने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, ते मी पाहिलं नाही. मी नाणी घेतली. विचारलं, वेनतांगच्या हाकेला आलीस का?

एक छापा, एक काटा.

मी खालीच बसलो. मग चिनशुई म्हणाला, "मग जेवत का नाही? घरी तुझ्याआधी जेवायची का ती?"

नाही जेवायची. मी पहिला घास घेतल्याशिवाय तिने कधी चॉपस्टिक उचलल्या नाहीत. पण ती गेल्यापासून घरी तिच्या उदबत्तीदाणीसमोर सगळं मुलगा मांडतो, आणि मी दुसऱ्या खोलीत टीव्ही लावून बसतो. तिच्यासमोर बसून मी एकदाही जेवलो नव्हतो. गेलेल्यांचं जेवण होईपर्यंत त्यातलं आपण खायचं नसतं, हे मलाही माहीत होतं आणि बाईंनाही. बाई म्हणाल्या, विचारून घ्या.

मी विचारलं, मी आधी घास घेऊ?

एक छापा, एक काटा.

धिरडं गार झालं होतं. कालवं रबरासारखी लागली. मी सावकाश खाल्लं, कडेकडेने, मधला मऊ भाग तिला ठेवून. तसंच आम्ही खायचो. दूर कुठेतरी भरती आल्यासारखा आवाज येत होता. समुद्र तर इतका लांब, पण येत होता खरा. उदबत्ती संपली. मी शेवटचं विचारलं, झालं का?

नाणी पडली. मी न बघताच ओळखलं. मग बघितलं. हो म्हणाली होती.

उरलेला मऊ भाग तिघांनी वाटून घेतला.

सकाळी दक्षिणेकडची बस धरली. मी खिडकीशी बसलो, सॅक मांडीवर. पुढची नदी दादूपेक्षाही रुंद. धुक्यात पुलाचे लाल खांब एकेक करून दिसायला लागले. वेनतांगने मला कोपराने ढोसलं. मी जागाच होतो.

"बी-युन, पूल आलाय," मी म्हटलं.

वेनतांग दुसरीकडे बघत होता. पण त्याचे ओठ हलताना मी पाहिले.