चालकाचा हलगर्जीपणा

एमआरआयच्या खोलीबाहेर तपासणी करणाऱ्या बाईने नेहमीचे प्रश्न विचारले. चेन आहे का, अंगठी आहे का, आणि शेवटी, "अंगात कुठे लोखंड वगैरे? रॉड, प्लेट?"

"हाये," नागसेन म्हणाला.

"कोणत्या ऑपरेशनचं?"

"ऑपरेशनचं नाही. सुरुंगाचं हाये."

दीप्ती बापाची फाईल हातात धरून शेजारीच उभी होती. तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. नागसेन गजघाटे फौजेत ड्रायव्हर होता, श्रीलंकेत त्याच्या हातून गाडी उलटली, त्यात त्याचा दोस्त मेला आणि फौजेने त्याला घरी पाठवलं, एवढंच तिला माहीत होतं. आई होती तोवर तिने या विषयावर घरात कुणाला बोलू दिलं नाही. सुरुंग हा शब्द दीप्ती बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती.

एमआरआय झाला नाही. धरमपेठेतल्या डॉ. केयूर यांनी साधा एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडासमोर धरली. उजव्या खांद्याच्या मागे, मानेच्या बुडाशी, तीन पांढरे गोल ठिपके होते. काखेखाली आणखी एक, लांबट.

"हे सायकलच्या चाकातले छर्रे असतात ना, तसे आहेत," डॉक्टर म्हणाले. "आणि हा खिळा. काका, तुमच्या हाताला मुंग्या येतात त्या यातल्या एका छऱ्यामुळे. अगदी नसेला चिकटून बसलाय. हे झालं कसं?"

नागसेनने शर्ट घातला, बटणं लावली. "कागदावर अपघात लिहिलं हाये," म्हणाला.

घरी, इंदोऱ्यात, दीप्तीने चहा ठेवला आणि समोर बसली. "आता सांगा."

त्याने सांगितलं. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट, आपली शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हाची. वावुनियाच्या पुढे एका चौकीवर राशन पोचवायचं होतं. रस्ता सुरुंगांसाठी तपासल्याशिवाय गाडी काढायची नाही, असा हुकूम होता. त्या सकाळी तपासणारी तुकडी दुसरीकडे गेली होती. मेजरसाहेब म्हणाले, काल तर गेलो होतो याच रस्त्याने, काढ गाडी. नागसेनने गाडी काढली. शेजारच्या सीटवर नत्थू होता, नत्थू लोणारे, भिवापूरचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. मोरीवर गाडी चढली आणि जमीन खालून फुटली.

"शुद्धीवर आलो तं मी मद्रासच्या दवाखान्यात होतो. तोपर्यंत चौकशी बी झाली होती. न तपासलेल्या रस्त्यावर गाडी धाडली असं लिहिलं असतं तं साहेबावर आलं असतं. मंग काय लिहिलं? गाडी मोरीवरून उलटली. कारण, चालकाचा हलगर्जीपणा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"नाही बसलो गप्प. लिहिलं ना. पहिले साहेबाले, मंग त्याच्या वरच्याले. जवाब येत होता, चौकशी पुरी झाली. मंग नत्थूच्या घरी गेलो."

तिथे काय झालं ते त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. दीप्तीला मात्र एकेक आठवायला लागलं. बापाने कधी गाडी घेतली नाही. तिला शाळेत सोडायचा तो सायकलने. हिंगण्याच्या कारखान्यात फाटकावर चौकीदारी केली, ती कंपनीच्या बसने येऊन-जाऊन. एकदा रात्रपाळीत एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला आणि जीप उभी असून ड्रायव्हर नव्हता. चावी नागसेनपुढे धरली तेव्हा तो मागे सरकला होता. लोक त्याला भित्रा म्हणाले. हे तिला शेजारणीकडून कळलं होतं.

ओळखीतून वकील मिळाले. मनोहरराव स्वतः फौजेतल्या कचेरीत नोकरी करून आलेले, असल्याच प्रकरणांत मुरलेले. हलगर्जीपणाचा शेरा काढावा, असा पहिला अर्ज त्यांनी फौजेकडे केला. उत्तर आलं की सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद अंतिम आहे आणि चौकशीची मूळ कागदपत्रं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आली आहेत. अंगातला धातू गाडीचा पत्रा असू शकतो, किंवा नोकरी सुटल्यानंतर दुसऱ्या कुठल्या प्रसंगात गेला असू शकतो.

"न्यायाधिकरणात जावं लागेल," मनोहरराव म्हणाले. "नत्थूची बायको आहे ना? तिनेही अर्ज केला तर जोर येईल. एकाच घटनेची दोन माणसं."

नागसेन आणि दीप्ती बसने भिवापूरला गेले. नत्थूची बायको अंजनाबाई मिरचीच्या सातऱ्यावर, देठ खुडायच्या आवारात, होती. लाल ढिगाऱ्यांभोवती बसून बाया मिरच्यांचे देठ खुडत होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. दीप्तीला ठसका लागला. एका बाईने मान वर केली, नागसेनला पाहिलं आणि हात न थांबवता पुन्हा मान खाली घातली.

"जय भीम, वहिनी," नागसेन म्हणाला.

तिने पुढची मिरची खुडली. बाकीच्या बाया कामात होत्या, पण कान इकडे होते. दीप्ती खाली बसली, एक्स-रे काढला, छर्रे दाखवले, खिळा दाखवला, सगळं सांगितलं. अंजनाबाईने फिल्म हातात घेतली. मिरचीने तिची बोटं सोलवटलेली होती. तिने फिल्म आभाळासमोर धरून पाहिली आणि परत दिली.

"पहिल्यांदा आला होता तवा बी हा असंच बोलला होता," ती दीप्तीला म्हणाली. "नत्थूले जाऊन वरीस झालं नव्हतं. सासऱ्यानं काठीनं हाकललं होतं याले. फौजेच्या पत्रात साफ लिहिलं होतं ना वं, गाडी यानं उलटवली म्हणून. फौज कशाले खोटं लिहीन?"

"लिहिलंय मावशी. खोटंच लिहिलंय."

"हे ठिपके कोणाचे बी असतीन. मले काय कळते फोटोतलं?" मग ती पहिल्यांदा सरळ नागसेनकडे पाहून बोलली. "काढून दाखव. माह्या हातावर ठेव. मंग पाहू."

परतीच्या बसमध्ये नागसेन म्हणाला, "काढाचं."

दीप्तीने खूप वाद घातला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वरचे दोन छर्रे सहज निघतील, पण जुन्या जखमेची चिकटलेली ऊती सुटी केली की नसेजवळचा तिसरा हलू शकतो. हात जाऊ शकतो. तसेच ठेवले तर मुंग्या येत राहतील, औषधावर भागेल.

"बाबा, हात गेला तर जेवाल कशाने? कोण पाहणार आहे आता तो कागद? तो साहेब मेला, त्याला ओळखणारेही मेले."

"अंजना हाये ना."

"ती तर तुम्हाला जय भीमसुद्धा घालत नाही!"

"म्हणूनच तं," नागसेन म्हणाला. "छत्तीस वर्षं मी तिच्या नवऱ्याले मारून राहिलो, दीप्ती. रोज. तिच्या घरात रोज मी त्याले मारतो. तुले नाही समजणार."

शस्त्रक्रिया झाली. तिन्ही छर्रे निघाले, खिळाही निघाला. डॉक्टरांनी भीती घातली होती तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर नागसेनला बोटं हलवायला सांगितलं आणि ती हलली नाहीत. व्यायाम सांगितले, विजेचे शेक दिले. सहा महिन्यांनी कोपर थोडं वाकायला लागलं, पण पंजा मेल्यासारखाच लोंबत राहिला. दीप्ती सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून मग कामावर जायची. तो डाव्या हाताने भात खायला शिकला, सांडत सांडत. तिने त्यावरून त्याला कधी बोल लावला नाही, पण काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

न्यायाधिकरणात सरकारी वकिलांनी पुन्हा तेच म्हटलं. न्यायमूर्ती वयस्क होते. त्यांनी छर्रे बघितले, डॉ. केयूर यांची साक्ष घेतली. छर्रे अंगात खालून वर गेले होते, हे डॉक्टरांनी मार्गासकट दाखवून दिलं. न्यायमूर्ती सरकारी वकिलांना म्हणाले, "गाडी उलटली तर माणसाची हाडं मोडतात. जमिनीतून छर्रे उडत नाहीत. आणि हिंगण्याच्या फाटकावर कोणी सुरुंग पेरत नाही."

निकाल नागसेनच्या बाजूने लागला. हलगर्जीपणाचा शेरा काढून टाकायचा आणि शत्रूच्या कारवाईत जखमी अशी नोंद घ्यायची. रस्ता का तपासला नव्हता, गाडी कोणी धाडली, याबद्दल निकालात एक ओळही नव्हती. मनोहरराव म्हणाले, तो प्रश्न आपण विचारलाच नव्हता.

नागसेन दुसऱ्याच दिवशी भिवापूरला गेला. या वेळी अंजनाबाई घरी होती. त्याने डाव्या हाताने खिशातली डबी काढली. झाकण त्याला उघडेना, दीप्तीने उघडलं. छर्रे काळपट पडले होते. अंजनाबाईने एक तळहातावर घेतला. मग तिची नजर त्याच्या लोंबणाऱ्या पंजावर गेली.

"हे यापायी झालं?"

"हो."

तिने पदराने दोन्ही डोळे पुसले आणि एकदम तापून म्हणाली, "मंग तुमाले त्या रस्त्यानं धाडलं कोणं?"

"मेजरसाहेबानं."

"हाये का जिवंत?"

"नाही. गेला पुण्यात, खूप वर्षं झाली."

"म्हणजे आता मले शिव्या द्याले बी कोणी उरलं नाही," अंजनाबाई म्हणाली. "तुले देत होती इतकी वर्षं. तेवढंच होतं, भाऊ."

ती पहिल्यांदा भाऊ म्हणाली होती. नागसेनला तिथेच उठून निघून जावंसं वाटलं. पण तिने पुढचं विचारलंच. "नत्थूले लय त्रास झाला का गा?"

नत्थू लगेच गेला नव्हता. दोन्ही पाय इंजिनाखाली दबले होते. तो पाणी मागत होता, आधी मोठ्याने, मग हळू. नागसेनचा हात चालत नव्हता. त्याने डाव्या हाताने ओढून पाहिलं, जागेवरून हलवता आलं नाही. ऊन चढलं तरी नत्थूचा आवाज येत होता. त्यानंतरचं नागसेनला आठवत नव्हतं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "त्याले कळलं बी नाही. लगेच गेला."

अंजनाबाईने मान हलवली. मग तिने चहा टाकला.

नत्थूचा अर्ज तिने केला आणि फौजेच्या कचेरीने तो फेटाळला. गजघाटे यांचा निकाल त्यांच्या शरीरातील पुराव्यावर आधारलेला आहे, मयताबाबत तसा पुरावा नाही. मनोहररावांनी नागसेनला बोलावून घेतलं.

"तुमच्या वेळी तुमचं अंग साक्षीला होतं," ते म्हणाले. "नत्थूचं अंग केव्हाच जळालं. आता फक्त तुमची जबानी. तुम्ही त्याच्या जखमा पाहिल्यात ना? काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं शपथेवर लिहून द्या. लगेच मेला म्हणालात तर तुम्ही पाहिलं कधी, असं ते विचारतील. आणि हे न्यायाधिकरणात, अंजनाबाईंसमोर वाचलं जाईल, हेही सांगून ठेवतो."

नागसेन दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने दीप्तीला समोर बसवलं आणि लिहायला लावलं. मांडीत घुसलेले खिळे, पोटातून येणारं रक्त, पाणी, ऊन. दीप्तीचा हात मध्येच थांबला.

"त्या तिथे असतील, बाबा. समोर बसलेल्या."

"माहीत हाये. लिही."

सुनावणीला अंजनाबाई भाचीला घेऊन आली होती. मनोहररावांनी जबानी वाचली, मराठीतच. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. पाण्याचं आलं तेव्हा तिने भाचीचं मनगट धरलं, एवढंच. वाचून संपल्यावर न्यायमूर्तींनी नागसेनला एकच प्रश्न विचारला, हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलं का. तो हो म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर अंजनाबाई थांबली होती.

"तवा काहून सांगतलं नाही मले?"

"सांगवलं नाही, वहिनी."

"कोणं पाणी पाजलं त्याले?"

"कोणी नाही."

दीप्तीने घरी जेवायला चला म्हटलं. अंजनाबाई म्हणाली, नाही वं, बस चुकन. भाचीच्या खांद्यावर हात ठेवून ती रस्त्याकडे निघाली. नागसेन जय भीम म्हणाला. तिने वळून हात जोडले.

निकाल दोन महिन्यांनी आला. नत्थू लोणारे, शत्रूच्या सुरुंगस्फोटात वीरगती. चालकाचा उल्लेख कुठेच नव्हता. दीप्तीने भिवापूरला फोन केला. तो भाचीने घेतला. मावशीने वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं आणि उठून कामाला गेली, असं ती म्हणाली.

त्यानंतर भिवापूरहून फोन आला नाही. नागसेनही करत नाही. सकाळी तो व्यायामाला जातो. फिजिओथेरपीच्या बाई त्याच्या पंजात रबरी चेंडू ठेवतात आणि दाबा म्हणतात. तो डोळे मिटून दाबायचा प्रयत्न करतो, चेंडू घरंगळून खाली पडतो, आणि बाई तो उचलून पुन्हा त्याच्या हातात देतात.