नेडीनकडे अडलेलं पाकीट

पाच महिने आमचं पाकीट नेडीनकडे पडून होतं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझी मैत्रीण रॉक्सॅन म्हणते, तुझी आग कायम मस्तकातच असते. असू दे. या वेळी मला कारण होतं.

पाकिटाचं आधी सांगते. कॉलेजात आम्ही पाचजणी एकाच सॉरॉरिटीच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या मंडळाच्या, घरात राहायचो. दारावर तीन ग्रीक अक्षरं, आत चाळीस मुली. मेणबत्त्या लावून शपथ घेतली की तुम्ही बहिणी, आणि त्या चार वर्षांपुरत्या नव्हे, मरेपर्यंतच्या. नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक मोठी बहीण नेमून देतात, तशी मला नेडीन मिळाली. लोक हसतात असल्या शपथांना. हसोत बापडे. पंच्याहत्तर साली मी पदवी घेऊन बाहेर पडले त्या उन्हाळ्यात नेडीननं एक पत्र लिहून वेल्डाला धाडलं. वेल्डानं त्यात आपलं पत्र घालून जनीनला, जनीननं रॉक्सॅनला, रॉक्सॅननं मला, मी परत नेडीनला. तेव्हापासून हाच क्रम. गलेलठ्ठ पाकीट दारात आलं की बाकी चौघींची पत्रं वाचायची, मागच्या फेरीचं आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवं लिहून घालायचं आणि पाकीट पुढं पाठवायचं. अठ्ठेचाळीस वर्षं ते फिरतंय. दोन घटस्फोट, अकरा बाळंतपणं, जनीनचं ऑपरेशन, सगळं त्यातून गेलं. मध्यंतरी जनीनच्या सुनेनं फोनवर आमचा ग्रुप काढून दिला होता. दोन महिन्यांत त्यात सूर्यास्त आणि मांजरं एवढंच उरलं.

तर, मार्चमध्ये वॉल्ट गेला. माझा नवरा. ट्रॅक्टरखालून बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "जरा बसतो," आणि बसला तो उठलाच नाही. सत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचे शब्द "जरा बसतो." रॉक्सॅननं सगळ्यांना फोन केले. तिघी आल्या, भांडी भरभरून जेवण घेऊन आल्या, चार दिवस राहिल्या. नेडीन आली नाही. फोनवर म्हणाली होती, "निघालेच," आणि आली नाही. फूल नाही, चिठ्ठी नाही. एप्रिलमध्ये पाकीट माझ्याकडे आलं तेव्हा मी चार पानं लिहिली. पोटच्या पोरांनाही बोलले नव्हते ते सगळं लिहिलं, कारण पाकीट पुढं नेडीनकडे जाणार होतं. आणि नेडीनकडून काय आलं? काहीही नाही.

पाकिटाचा तगादा लावायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे. तरी वेल्डाचा जीव खालीवर व्हायला लागला, तेव्हा रॉक्सॅननं नेडीनला फोन केला. "अगं, कालच लिहून झालंय, उद्या टपालात टाकते." जूनमध्ये हेच, जुलैत हेच, ऑगस्टमध्येही हेच.

"मी जाते आणि घेऊन येते," मी रॉक्सॅनला म्हटलं.

"जा. पण पहिली पाच मिनिटं तोंड बंद ठेव."

"दोन मिनिटं ठेवेन."

"मार्लिस, दोन मिनिटं तरी खरंच ठेव गं बाई."

कर्नीहून सलायनापर्यंत सव्वातीन तास लागतात. नेब्रास्का संपून कॅन्सस कधी लागलं तेही मला कळलं नाही, कारण वाटभर मी मनातल्या मनात नेडीनशी भांडत होते. मका पिवळा पडला होता, काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. मी एकेक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं. तू मला मोठी बहीण म्हणून मिळालीस, मी मागितली नव्हती, असं काहीतरी. आता आठवलं की लाज वाटते.

नेडीननं दार उघडलं. ओठांना लाली, केस विंचरलेले, कानात मोती. बाहत्तर साली कॉलेजच्या वर्गात बसायला निघाल्यासारखी टापटीप. आतून चिलीचा, मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याचा, वास येत होता. "मार्ली!" असं ओरडून तिनं मला गच्च मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडं बघत म्हणाली, "आणि वॉल्ट कुठाय? उतरत का नाही?"

दोन मिनिटं कसली, दोन सेकंद झाले नसतील.

"वॉल्ट मेला, नेडीन! मार्चमध्ये मेला! तुला फोन केला, चार पानं लिहिली, आणि तू मला विचारतेस वॉल्ट कुठाय?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती पायरीवरच बसली. "वॉल्ट?" म्हणाली. "आपला वॉल्ट?" आणि रडायला लागली. ते नाटक नव्हतं. रागात होते, पण आंधळी नव्हते मी. रडता रडता ती म्हणाली, "मला कुणी कळवलं कसं नाही गं?"

मी तिच्या शेजारून आत गेले, सरळ स्वयंपाकघरात. टेबलावर आमचं पाकीट उघडं पडलं होतं. पत्रं ओळीनं मांडलेली, पेन टोपण काढून ठेवलेलं, कोऱ्या कागदावर आजची तारीख. आणि सगळ्यांत वर नेडीनचंच एक पत्र. त्याच्यावरची तारीख मंगळवारची. तीनच दिवसांपूर्वीची.

"माझ्या मार्ली," त्यात लिहिलं होतं, "आत्ताच तुझं पत्र वाचून खाली ठेवलं. डोळे पुसत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. वॉल्टसारखा माणूस..." आणि पुढं दोन पानं भरून.

नेडीन डोळे पुसत दारात येऊन उभी राहिली. मी पत्र तिच्यासमोर धरलं. "हे तू मंगळवारी लिहिलंस. मग पाठवलं का नाहीस?"

तिनं चष्मा लावून पाहिलं. "हे होय? हे जुनं आहे. मागच्या फेरीचं. तेच काढून ठेवलं, आता तुमची वाचून नवं लिहिणार होते, तेवढ्यात तू बेल वाजवलीस." आणि टेबलाखालून बुटांचं मोठं खोकं ओढून तिनं ते पत्र त्यात टाकलं. अगदी सवयीनं.

मी खाली बसले आणि खोकं मांडीवर घेतलं. नेडीनची सगळी जुनी पत्रं त्यात होती, आम्ही सगळ्याच आपापली ठेवतो. पण वरची काही जुनी नव्हती. सप्टेंबरची, ऑगस्टची, जुलैची, थेट एप्रिलपर्यंत. मी मोजली. एकोणीस.

मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. नेडीन पत्र लिहायची, पाकिटात घालायची, उद्या टाकू म्हणून टेबलावर ठेवायची. आणि विसरायची. कधी तीन, कधी दहा दिवसांनी पाकीट दिसलं की उघडायची. आत स्वतःचं पत्र दिसायचं. पाकिटात आपलं पत्र दिसलं म्हणजे काय? पाकीट फिरून परत आलं. मग आपलं जुनं काढायचं आणि नवं लिहायचं. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं तेच केलं होतं, हाताला तेच वळण होतं. सगळं विसरली, पण नियम विसरली नाही.

आणि दर वेळी पाकिटात माझी ती चार पानं होतीच. दर वेळी ती पहिल्यांदाच वाचायची. एकोणीस वेळा तिला कळलं की वॉल्ट गेला, एकोणीस वेळा ती या टेबलाशी एकटी रडली आणि एकोणीस वेळा तिनं मला लिहिलं. एकही पत्र दुसऱ्यासारखं नव्हतं. एकात वॉल्टनं आमच्या नाचाच्या संध्याकाळी तिच्या पायावर पाय दिला ते, एकात त्यानं बर्फात तिची गाडी ओढून काढली ते. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी हेही होतं: "मैत्रिणींनो, मेमध्ये मुलगी मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. माझी आठवण चालली आहे. तुम्हा चौघींना सगळ्यांच्या आधी सांगतेय."

मी इकडे पाच महिने तिला शिव्या घालत होते.

"काय गं?" नेडीन म्हणाली. "अशी का बघतेस?"

मी तिला जवळ बसवून एकोणीसच्या एकोणीस पत्रं टेबलावर मांडली आणि काय झालं ते सांगितलं. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेली बाई ती. तारखा वाचत गेली आणि तिला सगळं उमगलं.

"म्हणजे मी कामातून गेले," शेवटी म्हणाली.

"कामातून नाही गेलीस. नियमाची फार पक्की आहेस, तेच नडलं."

ती एकदम फिस्कन हसली. मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, "नेडीन, मी दारात तुझ्यावर ओरडले. मला माफ कर."

"ओरडलीस? कधी?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून, "गंमत केली गं. तेवढं आठवतंय."

आम्ही रॉक्सॅनला फोन लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. मी सगळं सांगितलं. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"एकोणीस? मेले, मला तीन महिन्यांत एक लिहायचं तर घाम फुटतो!"

"रॉक्सॅन, पाकीट पुन्हा मला पाठवू नका," नेडीन म्हणाली. "माझ्यापाशी अडतं. मला वगळा. चौघींत फिरू दे."

"वगळते तर! पाकीट सुरू कुणी केलं? आजपासून तुझ्याकडे ते टपालानं येणार नाही, एवढंच. आमच्यातली एकजण हातात घेऊन येईल. वाचून दाखवेल, तू लिहिशील, आणि ती तुझ्या डोळ्यांदेखत घेऊन जाईल. पुढच्या फेरीला मी. आणि नुसतं पाकिटापुरतंही नाही, महिन्याला एकजण येणार. वेल्डाला आत्ता फोन करून ऑक्टोबर तिच्या गळ्यात मारते."

"तुम्ही सत्तरीच्या बायका, एवढ्या लांबून..."

"सत्तरीची असेल मार्लिस. मी एकोणसत्तरची आहे."

"माझं ओझं होईल गं तुम्हाला."

"नेडीन, शपथ घेताना ओझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आता गप बस आणि त्या रागीट बाईला जेवायला घाल."

जेवलो. चिली आणि दालचिनीचा गोड रोल, रोल चिलीत बुडवून, आमच्याकडे दुसऱ्या कशाबरोबर चिली खातात का मला माहीत नाही. जेवताना मी ठरवलं होतं ते सांगून टाकलं. "माझं ते पत्र मी काढून घेते. दुसरं लिहिते. यापुढं पाकिटात वॉल्टचं काही नको. तू पुन्हा पुन्हा रडायला नकोस."

नेडीननं चमचा खाली ठेवला. "आणि मग? प्रत्येक वेळी तू दिसलीस की मी विचारणार, वॉल्ट कुठाय. आणि तू प्रत्येक वेळी सांगणार. सकाळी सांगितलंस तसं."

मी रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि तसाच धरून बसले.

"त्यापेक्षा मला पत्रातून कळू दे. दर पत्रात पहिल्या ओळीत लिहीत जा. रडू दे मला. एकोणीस वेळा रडले, मेले का? तुला तोंडानं सांगावं लागू नये."

"नेडीन..."

"मोठी कोण आहे? मी ना? मग लिही."

मग ती टोपली घेऊन परसात गेली, मला न्यायला टोमॅटो तोडायला. खिडकीतून दिसत होती. दोन टोमॅटो तोडायची, शेजारणीशी बोलायची, परत दोन तोडायची. अर्धा तास झाला असेल. मी तिची एकोणीसही पत्रं पाकिटात कोंबली. ते बंद होईना, दोरी बांधावी लागली. माझं जुनं पत्र मी पर्समध्ये ठेवलं. माझी पाळी नव्हती, नियमात बसत नव्हतं, पण नवं लिहायला घेतलं. पहिली ओळ तिनं सांगितली तीच लिहिली. मार्चमध्ये वॉल्ट गेला. त्याच्या पुढं पेन सरेना.

नेडीन आत आली. टोपली ठेवली, हात धुतले, चष्मा लावला आणि माझ्या मागं उभी राहून वाचलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "वॉल्ट?"

मला तोंडानं काही सांगावं लागलं नाही. तिनं खुर्ची ओढली, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि रडत रडत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मार्चपासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथं आलं, आणि थांबेना.

"तुला मागणी घालायला आला होता ना आपल्या सॉरॉरिटीच्या घरी," नेडीन सांगायला लागली, "तेव्हा दोन तास स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसला होता. बाहेर बर्फाचा पाऊस. मी म्हटलं, आत ये की. तर म्हणतो, नको, अजून धीर होत नाहीये. मी कॉफी नेऊन दिली. तीन कप प्याला."

"मला म्हणाला होता, सहज इकडून चाललो होतो म्हणून आलो."

"सहज? त्याचे दात वाजत होते गं! मला विचारत होता, ती हो म्हणेल का."

सत्तेचाळीस वर्षांत वॉल्टनं मला हे सांगितलं नव्हतं. आणि त्या एकोणीस पत्रांतही ते कुठं नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगते ना. नाक पूस आधी," नेडीन म्हणाली, आणि खुर्ची आणखी जवळ ओढून पुढचं सांगू लागली.